दिवास्वप्नातिरेक

दिवास्वप्नातिरेक : जागेपणी बाह्य परिस्थितीकडील लक्ष काढून घेऊन स्वतःच रचलेल्या काल्पनिक प्रसंगांत रममाण होणे म्हणजे दिवास्वप्न किंवा मनोराज्य होय. ही क्रिया स्वाभाविक व सार्वत्रिक आहे. मात्र ती दिवसातील अनेक तास व्यापू लागली, आवरू म्हणता आवरेनाशी झाली आणि तिच्यामुळे शिक्षण, व्यवसाय व माणसामाणसांतील संबंध यांची हानी होऊ लागली म्हणजे तिला दिवास्वप्नातिरेक म्हणतात. दिवास्वप्नातिरेक असलेल्या व्यक्तींत अवसाद म्हणजे दीर्घकाळ टिकणारी विकृत खिन्नता पुष्कळदा आढळते. या दोहोंचा संबंध हा या विषयाचा व्यवहारदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

दिवास्वप्न आणि झोपेतील स्वप्न यांत मूलभूत फरक आहे. झोपेतील स्वप्नात द्रष्ट्याला ते खरे वाटते. दिवास्वप्नात व्यक्तीला आपण कल्पना करीत आहोत याचे भान असते आणि कथानकाला हवे तसे वळण ती देऊ शकते. नियोजन आणि दिवास्वप्न यांतही भेद आहे. नियोजनात साध्य, साधने व अडचणी या तिन्हींचा विचार होतो. दिवास्वप्नात बहुधा साधने व अडचणी गळून पडतात आणि साध्य तेवढे उरते. ‘मनात मांडे खाणे’ हा मराठी वाक्प्रचार नेमका हाच भेद दाखवितो.

ऐतिहासिक आढावा : मनोराज्यात गढून जाण्याचे धोके प्राचीनांना ठाऊक होते. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात सातूच्या पिठाने भरलेल्या मडक्याखाली पडून संसाराची स्वप्ने रंगविणाऱ्या ब्राह्मणाची कथा आहे. कल्पनेतील बायकोला मारण्यासाठी तो लाथ उगारतो व खरे मडके फोडून घेतो. त्याच्या कल्पनेला देहाच्या हालचालींची जोड मिळते, हा त्या कथेतील तपशील आजच्या निरीक्षणांशी जुळणारा आहे.

आधुनिक मानसशास्त्रात या विषयाची एक महत्त्वाची नोंद योझेफ ब्रॉयर (१८४२–१९२५) या व्हिएन्ना येथील वैद्याने केली. त्याने १८८० ते १८८२ या काळात उपचार केलेली व ‘आना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली रुग्ण अत्यंत बुद्धिमान होती. पण घरच्या कर्मठ, एकसुरी जीवनात तिच्या बुद्धीला वाव नव्हता. घरकाम करीत असतानाच ती मनात कथा रचीत असे व या सवयीस ती स्वतःचे ‘खाजगी नाट्यगृह’ म्हणत असे. कोणी हाक मारल्यास ती तत्काळ उत्तर देई. त्यामुळे तिच्या मनातील हा उद्योग कोणाच्याही लक्षात आला नाही. आजारी वडिलांच्या शुश्रूषेच्या काळात तिला गंभीर मनोविकार जडला. ब्रॉयर आणि ⇨सिग्मंड फ्रॉइड यांच्या १८९५ मधील उन्मादविषयक ग्रंथात हा वृत्तांत आला आहे. ही रुग्ण म्हणजे बेर्टा पापेनहाइम (१८५९–१९३६) होय. उत्तरायुष्यात तिने स्त्रियांच्या हक्कांसाठी व अनाथ मुलींसाठी मोठे कार्य केले आणि १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली.

फ्रॉइड (१८५६–१९३९) याने १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ललित लेखक व दिवास्वप्ने यांचा संबंध तपासला. त्याच्या मते अतृप्त इच्छा ही दिवास्वप्नाची प्रेरणा असून प्रत्येक दिवास्वप्न ही अप्रिय वास्तवाची दुरुस्ती असते. समाधानी माणूस कल्पनाजालात रमत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनाने तो एकांगी ठरविला. जेरोम सिंगर (१९२४–२०१९) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मधील आपल्या ग्रंथात दिवास्वप्ने ही निरोगी मनाची नित्याची क्रिया असल्याचे प्रतिपादिले. सिंगर व त्याचे सहकारी यांनी प्रश्नावलीच्या आधारे दिवास्वप्नांच्या तीन शैली वेगळ्या केल्या : आनंददायक व रचनात्मक, अपराधभाव, भीती व अपयश यांनी ग्रासलेली, आणि अवधान टिकविता न येण्यामुळे उद्भवणारी विस्कळीत. यांपैकी पहिली शैली सामान्यतः आरोग्यास पोषक असते. दुसऱ्या शैलीचा अवसादाशी निकटचा संबंध आहे.

शेरिल विल्सन व थिओडोर बार्बर यांनी १९८० नंतरच्या दशकारंभी ‘कल्पनाप्रवण व्यक्तिमत्त्वा’चे वर्णन केले. दिवास्वप्नातिरेकास स्वतंत्र विकाराचे रूप देण्याचे श्रेय मात्र इझ्राएलमधील हैफा विद्यापीठाचे एली सोमर यांच्याकडे जाते. मानसिक आघात सोसलेल्या व्यक्तींवर उपचार करीत असताना त्यांना आढळलेल्या सहा रुग्णांचा अभ्यास त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील काळात जगाच्या निरनिराळ्या भागांतील अनेकांनी आपलीही अवस्था अशीच असल्याचे कळविले आणि संशोधनास चालना मिळाली. २०१६ मध्ये निदानास साह्यभूत अशी मापनश्रेणी तयार झाली. तिच्या प्रचलित रूपात १६ प्रश्न आहेत. तथापि अमेरिकन मनोविकारतज्ञ संघटनेच्या निदानसंहितेत (२०१३ ची पाचवी आवृत्ती व तिची २०२२ मधील सुधारणा) किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात या विकाराचा समावेश झालेला नाही.

स्वरूप व लक्षणे : दिवास्वप्नातिरेकात कथानके गुंतागुंतीची, भावनांनी ओथंबलेली आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे चालणारी असतात. त्यांत ठराविक पात्रे असतात. त्यांची वये वाढतात, त्यांच्यात स्नेह व वैर निर्माण होते. स्वतःचे आदर्श रूप, सत्ता, शौर्य, कीर्ती, निरपेक्ष प्रेम, बंदिवास व सुटका हे नेहमी आढळणारे विषय होत. अनेकांच्या बाबतीत संगीत ऐकताच कथानक सुरू होते. खोलीत येरझाऱ्या घालणे, अंग झुलविणे, हातात एखादी वस्तू फिरवीत राहणे यांसारख्या एकसुरी हालचालींमुळे ते टिकून राहते. चेहऱ्यावर प्रसंगानुरूप भाव उमटतात, ओठ हलतात. ही सवय बहुधा बालपणीच लागते व ती कटाक्षाने लपविली जाते. २०१६ मध्ये ३४० दिवास्वप्नातिरेकी व १०७ सामान्य व्यक्तींच्या तुलनेत पहिल्या गटातील व्यक्तींनी जागेपणाचा सरासरी निम्म्याहून अधिक वेळ मनोराज्यात जात असल्याचे सांगितले.

केवळ वेळ हा विकृतीचा निकष नव्हे. पुढील तीन गोष्टी एकत्र आल्यास अतिरेक मानतात : मनोराज्याची अनावर ओढ व त्यात व्यत्यय आल्यास होणारी चिडचिड, ते आवरण्याचे फसलेले प्रयत्न, आणि त्यापायी होणारा मनस्ताप किंवा व्यवहारातील हानी. कथालेखक, चित्रकार वा नट तासन् तास कल्पनेत रमतो. पण त्याची कल्पना कृतीत उतरते व तिला वाचक-प्रेक्षकांचा प्रतिसाद मिळतो. या दोहोंमधील सीमारेषा नेहमीच ठळक असते असे नाही. इंग्रज कादंबरीकर्त्री शार्लट ब्राँटी (१८१६–५५) हिने भावासह बालपणी ‘अँग्रिया’ हे काल्पनिक राज्य निर्माण केले होते. १८३५ ते १८३८ या काळात शिक्षिकेची नोकरी करताना ते राज्य तिच्या मनाचा ताबा घेई आणि वर्गातील व्यत्ययामुळे होणारी चडफड तिने टिपणांत लिहून ठेवली आहे. पुढे तिने अँग्रियाचा जाणीवपूर्वक निरोप घेतला व वास्तवाच्या अधिक जवळचे लेखन केले.

अन्य विकारांहून भिन्नत्व : एकट्याने पुटपुटणारी, हातवारे करणारी व्यक्ती पाहून ⇨छिन्नमानस विकृतीची शंका घेतली जाते. परंतु छिन्नमानसात भास खरे वाटतात. दिवास्वप्नातिरेकात आपली पात्रे काल्पनिक आहेत हे व्यक्तीस पूर्णपणे ठाऊक असते. वास्तवाचे हे भान शाबूत असल्याची खात्री न करता चित्तविकृतीवरील औषधे सुरू केल्यास रुग्णाचे नुकसान संभवते. अवधानन्यूनतेच्या विकारात लक्ष विविध उद्दीपकांकडे भरकटते. येथे ते एकाच आंतरिक कथेत खिळते. मात्र हे दोन्ही विकार एकत्रही असू शकतात. अवधानन्यूनतेचे निदान झालेल्या प्रौढांच्या २०२२ मधील एका अभ्यासात सुमारे एकपंचमांश व्यक्तींना दिवास्वप्नातिरेक असल्याचे दिसले. उरलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात अवसाद व एकाकीपणा अधिक आणि आत्मसन्मान कमी होता.

अवसादातील चिंतनरुंजी हीसुद्धा दिवास्वप्नाहून वेगळी प्रक्रिया होय. ‘माझ्याच वाट्याला हे का आले’, ‘माझे कसे चुकले’ अशा प्रश्नांभोवती मन फिरत राहणे, हे तिचे स्वरूप. सूझन नोलन-होक्सेमा (१९५९–२०१३) हिने १९९१ पासून मांडलेल्या सिद्धांतानुसार अशा रुंजीमुळे खिन्नता लांबते. रुंजी शब्दमय, भूतकाळाभिमुख व दुःखद असते. दिवास्वप्न प्रतिमामय व निदान आरंभी तरी सुखद असते. एकाच व्यक्तीत दोन्ही आळीपाळीने चालू असल्याचे पुष्कळदा दिसते : रुंजीतून सुटका म्हणून मनोराज्य आणि मनोराज्यातून बाहेर आल्यावर पुन्हा रुंजी.

अवसादाशी संबंध : दिवास्वप्नातिरेकाचे मुलाखतीद्वारे निदान झालेल्या ३९ व्यक्तींचा अभ्यास सोमर, नीरित सोफर-डूडेक व कॉलिन रॉस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६·७ टक्के व्यक्तींत अवसादविकार, ७१·८ टक्क्यांत चिंताविकार, ७६·९ टक्क्यांत अवधानन्यूनता आणि ५३·९ टक्क्यांत अनिवार्यता-गटातील विकार आढळला. एकचतुर्थांशाहून अधिक व्यक्तींनी पूर्वी केव्हातरी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. अभ्यासगट लहान असल्याने हे आकडे सर्वांना लागू करता येत नाहीत. पण मनोराज्याची सवय म्हणजे निरुपद्रवी चाळा, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली आहे.

दोहोंपैकी कारण कोणते व कार्य कोणते, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. संबंध किमान चार प्रकारांनी जुळतो. पहिला प्रकार पलायनाचा. खिन्न, एकाकी किंवा अपमानित व्यक्तीला कल्पनेत सोबत, कौतुक व सुरक्षितता मिळते. प्रयोगांत कृत्रिमरीत्या खिन्न केलेल्या व्यक्तींचे मन हातातील कामावरून अधिक वेळा भरकटते, असे २००९ मध्ये दाखविण्यात आले. या अर्थी दिवास्वप्न हे अवसादाचे लक्षण किंवा त्यावरील घरगुती औषध असते.

दुसऱ्या प्रकारात हे औषधच रोगाला पोसते. अवसादाच्या वर्तनवादी मीमांसेनुसार कृतीतून मिळणारे सुखद प्रतिसाद आटले म्हणजे खिन्नता वाढते व खिन्नतेमुळे कृती आणखी मंदावते. मनोराज्यात प्रतिसाद मिळतो, पण तो कृतीविना. म्हणून प्रत्यक्ष कृतीची निकड ओसरते. अभ्यास राहून जातो, परीक्षा हुकतात, पत्रे अनुत्तरित राहतात, मित्र दुरावतात. गेलेल्या वेळाची जाणीव झाली की लाज व अपराधभाव दाटतो आणि त्यापासून सुटका करून घेण्यासाठी पुन्हा तेच दार उघडले जाते.

तिसरा प्रकार तुलनेचा आहे. कल्पनेतील ‘मी’ देखणा, कर्तबगार व सर्वांना प्रिय असतो. त्याच्या शेजारी खरा ‘मी’ अधिकच खुजा दिसतो. साधे घर, साधी नोकरी, साधी माणसे फिकी वाटतात. काहींना खऱ्या मित्रांपेक्षा काल्पनिक पात्रांचा वियोग अधिक जाचतो. आपण जगलोच नाही, ही त्यांची मध्यमवयातील जाणीव विशेष तीव्र असते.

चौथ्या प्रकारात दोहोंचे मूळ समान असते. बालपणीची हेळसांड किंवा अत्याचार, सामाजिक भय, दीर्घ एकाकीपणा यांतून अवसादही उद्भवतो व मनोराज्याची सवयही दृढ होते. मात्र आघाताचा कोणताही पूर्वेतिहास नसलेल्या व्यक्तींतही दिवास्वप्नातिरेक आढळतो. त्यांच्यात तल्लीन होण्याची उपजत क्षमता हेच मुख्य कारण दिसते. म्हणून रुग्णाच्या आईबापांवर सरसकट दोषारोप करणे अनुचित होय.

काळाच्या क्रमाचा शोध घेणारे काही अभ्यास उद्‌बोधक आहेत. मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनिएल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसात अवेळी गाठून त्या क्षणी मनात काय चालले आहे, हे विचारले. ४६·९ टक्के वेळा मन समोरच्या कामावर नव्हते आणि अशा वेळी लोक तुलनेने असमाधानी होते. सुखद कल्पना करतानाही ते कामात मग्न असलेल्यांहून अधिक आनंदी नव्हते. गाब्रिएल ओटिंगेन व सहकारी यांनी २०१६ मध्ये मुले व प्रौढ या दोहोंवरील अभ्यासांतून असे दाखविले, की भविष्याविषयीच्या रम्य कल्पनांत अधिक रमणाऱ्यांत त्या वेळी अवसादाची लक्षणे कमी असतात, पण काही महिन्यांनंतर ती वाढलेली आढळतात. प्रयत्न कमी पडल्यामुळे पदरी येणारे अपयश हा यातील एक दुवा होता. दिवास्वप्नातिरेक असलेल्या ७७ व्यक्तींच्या १४ दिवसांच्या दैनंदिन नोंदींत (२०१८) मनोराज्य वाढलेल्या दिवशी नकारात्मक भावनाही वाढलेल्या होत्या. पुढील मनोराज्याची सातत्याने पूर्वसूचना देणारे लक्षण मात्र अनिवार्यतेचे होते. यावरून या विकारात निव्वळ सुखलालसा नसून एक प्रकारची सक्तीही असते, असे अनुमान निघते.

तीव्र अवसादात कल्पनाशक्तीच आटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अशा वेळी भविष्याची सुखद चित्रे स्पष्टपणे डोळ्यांपुढे आणता येत नाहीत. नेहमीचे मनोराज्य अचानक बेचव झाले किंवा त्यात मृत्यूचे विषय घोळू लागले, तर ते सवय सुटत असल्याचे चिन्ह न मानता अवसाद गडद होत असल्याची सूचना मानावी.

प्रमाण व शारीर आधार : इझ्राएलमधील ज्यू प्रौढांच्या २०२२ मधील पाहणीत या विकाराचे प्रमाण अदमासे २·५ टक्के आढळले. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांत आयुष्यात केव्हातरी अवसाद झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. बाह्य काम नसताना मेंदूच्या मध्यरेषेलगतच्या अग्र व पश्च भागांचे एक जाळे क्रियाशील होते व मनाच्या स्वैर संचाराशी त्याचा संबंध असतो, हे २००१ नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. अवसादातही या जाळ्याच्या कार्यात बदल दिसतात. तथापि निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी असल्याने त्यावरून निदान करता येत नाही.

उपचार व दैनंदिन जीवन : या विकारावर कोणतेही मान्यताप्राप्त विशिष्ट औषध नाही. अवसाद, चिंता वा अनिवार्यता सोबत असेल, तर मनोविकारतज्ञाच्या सल्ल्याने त्यावरील औषधे घ्यावी लागतात. मानसोपचारांत बोधनिक-वर्तनोपचार व सजगतेचे प्रशिक्षण यांवर भर आहे. सजगता आणि स्वनिरीक्षण यांच्या संयुक्त कार्यक्रमाने दिवास्वप्नातिरेक लक्षणीयरीत्या घटल्याचे २०२३ मधील एका नियंत्रित चाचणीत दिसून आले.

स्वनिरीक्षणात व्यक्ती मनोराज्याची वेळ, कालावधी, आधीचा प्रसंग व नंतरची मनःस्थिती वहीत टिपते. या नोंदींतून निमित्ते कळतात : विशिष्ट संगीत, दुपारचे रिकामपण, कोणी केलेला अपमान, नावडते काम. निमित्त कळल्यावर ते टाळता किंवा बदलता येते. येरझाऱ्यांची जागा घराबाहेरील, शक्य तर कोणाच्या सोबतीने केलेल्या चालण्याने घेणे, हा असाच एक बदल होय. झोप, जेवण व कामाच्या वेळा ठरवून त्यांत छोटी, पुरी होण्याजोगी कामे घालणे हे अवसादावरही उपयुक्त ठरते. ओटिंगेन यांनी सुचविलेल्या पद्धतीत इच्छित गोष्टीचे चित्र डोळ्यांपुढे आणून लगेच तिच्या मार्गातील आतली अडचण कोणती, हे पाहावयाचे असते. त्यामुळे कल्पना प्रयत्नांना जोडली जाते.

मनोराज्य एकाएकी व संपूर्ण बंद करण्याचा निर्धार सहसा टिकत नाही. अनेक वर्षांची पात्रे सोडताना काहींना आप्ताच्या मृत्यूसारखा शोक होतो व रिते झालेले मन खिन्नतेने भरते. म्हणून कल्पनेला ठराविक वेळ देणे, कथानक लिहून काढणे वा चित्रात उतरविणे आणि त्याच वेळी प्रत्यक्ष जीवनातील संबंध वाढविणे हा क्रमाक्रमाचा मार्ग श्रेयस्कर होय. कल्पनेत ज्याचा पुनःपुन्हा शोध घेतला जातो—सोबत, मान, सुरक्षितता—तेच व्यक्तीच्या वास्तवात उणे असते; उपचारकाला ही कथानके त्या दृष्टीने मार्गदर्शक ठरतात.

कुटुंबीय व शिक्षक यांची भूमिका महत्त्वाची आहे. अशा मुलास आळशी, घुमा किंवा वेडसर म्हणून हिणविले, तर त्याची लाज वाढते आणि तो सवय अधिक खोल दडवतो. बाह्यतः शांत व आज्ञाधारक दिसणाऱ्या मुलांकडे तर लक्षच जात नाही. त्याच्या मनातील कथेची थट्टा न करता ती ऐकून घेणे, ही मदतीची पहिली पायरी होय. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, निराशेचे बोलणे ही लक्षणे दिसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. आत्महत्येचे विचार असल्यास विलंब करू नये. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे.

दिवास्वप्नातिरेक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींची बुद्धी व वास्तवाचे भान शाबूत असते. त्यामुळे सोबतचा अवसाद वेळीच ओळखला गेल्यास सुधारणेस पुष्कळ वाव असतो. उपचारांचे उद्दिष्ट कल्पनाशक्ती नष्ट करणे हे नसून तिच्यावरील व्यक्तीचे स्वामित्व परत मिळवून देणे हे होय.